पमीचा डावा हात

दरेकसाला उतरल्यापासून शकुंतला धाकट्या जावेला पमीबद्दलच्या सूचना सांगत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धबधब्याच्या वाटेला लागल्यावरही त्या संपल्या नव्हत्या.

"रातच्याले दूध देशील तं कोमट दे. गरम असलं का तोंडाले लावत नाई ते."

"हव, जाऊबाई."

"अन् उशी नको देऊ. मानेखाली लुगड्याची घडी लागते तिले. माह्यं एक लुगडं ठेवून जाईन."

"माझ्याजवळ हायेत नं लुगडी," चंद्रकला म्हणाली.

"तुह्यी साबनाच्या वासाची हायेत. तिले झोप नाई येनार."

चंद्रकलेनं हातातली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. वाट सागाच्या वाळक्या पानांनी भरलेली होती आणि पायाखाली त्यांचा एवढा आवाज होत होता, की उत्तर दिलं नाही तरी चालण्यासारखं होतं.

पुढे चंद्रकलेचा नवरा घनश्याम होता. त्याच्यामागे शकुंतलाचा नवरा कृष्णराव, खांद्यावर पमी. सगळ्यांच्या मागे म्हातारी चंद्रभागाबाई एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात गोवऱ्यांचं गाठोडं घेऊन येत होती. कणकेचे जाड पानगे भाजायला या गोवऱ्या गावाकडून, करडीहून आल्या होत्या. तुमसर रोडला पॅसेंजरमधे बसताना कृष्णराव म्हणाला होता, "बाई, तिकडे जंगल हाय, लाकडाले काय तोटा?" त्यावर म्हातारी म्हणाली होती, "लाकडावर पानगे वरून जळतेत अन् आतून कच्चे राह्यतेत. जंगलात राह्यनाऱ्यायले काय मालूम?" ज्यांना मालूम नव्हतं त्यांत तिचा धाकटा मुलगाही होता. घनश्याम गेल्या दसऱ्यापासून दरेकसाला असिस्टंट स्टेशन मास्तर होता, आणि त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं.

त्या क्वार्टरवरच सगळं अडलेलं होतं, आणि आता सुटणार होतं. पमी जन्मली तेव्हा चंद्रकलेला कावीळ झाली आणि ती आठ महिने कोंढ्याला माहेरी पडून राहिली. बाळ करडीला शकुंतलाजवळ राहिलं. शकुंतलाच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. पुढे चंद्रकला बरी झाली, पण घनश्यामच्या बदल्या अशा ठिकाणी होत गेल्या, की नवराबायकोच एका खोलीत कशीबशी राहत. 'क्वार्टर मिळालं का पमीले नेऊ,' हे वाक्य पाच वर्षं दर पत्रात येत होतं. दसऱ्याच्या पत्रात ते 'क्वार्टर मिळालं' असं आलं. जूनमधे शाळेत घालायचं, त्याआधी लेकराला घराची सवय व्हावी, म्हणून संक्रांत झाल्यावर सगळ्यांनी यावं, धबधबा पाहावा आणि पमीला ठेवून जावं, असं ठरलं. आज चारच्या पॅसेंजरनं करडीची माणसं परत जाणार होती. पमी राहणार होती.

*

धबधब्यापाशी गोंदियाची चारपाच कॉलेजची पोरं ट्रान्झिस्टर लावून बसली होती. चंद्रकलेनं पमीला खाली उतरवून घेतलं. म्हणजे कृष्णरावांनी तिला जमिनीवर उभं केलं, दोन पावलं मागे सरकले, आणि मग चंद्रकलेनं तिला घेतलं. कृष्णराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याला सुनेनं शिवायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं-घ्यायचं नाही. सकाळचा चहाही तिनं त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला होता. यात कुणालाच काही वेगळं वाटत नव्हतं.

पमीच्या अंगात नवा फ्रॉक होता, पिवळा, चंद्रकलेनं स्वतः शिवलेला. दिवाळीला पाहिलेल्या पमीच्या अंदाजानं शिवला होता आणि तो चार बोटं आखूड झाला होता. काल संध्याकाळी तो घालून पाहताना शकुंतला एवढंच म्हणाली होती, "लेकरू वाढते, चंद्रकला. रोज पाहनाराले समजते." ते वाक्य चंद्रकलेच्या अंगात काट्यासारखं राहिलं होतं. दिवाळीपासून आतापर्यंत तीन महिने. तीन महिन्यांत चार बोटं. हा हिशेब शकुंतलाला करावाच लागला नसता.

आज सकाळी तिनं बिस्किटाचा पुडा उघडून पमीला म्हटलं होतं, "आई म्हण."

"आई," पमी लगेच म्हणाली, आणि दुसरं बिस्किट मागितलं.

चुलीपाशी बसलेल्या शकुंतलानं वळूनही पाहिलं नाही. "बिस्किटासाठी ते कोनालेबी काहीबी मन्ते. आमच्या गड्यालेबी मामा मन्ते."

"एवढंच पानी?" चंद्रभागाबाईनं धबधब्याकडे मान वर करून विचारलं.

कड्यावरून पाण्याच्या तीन बारीक धारा उतरत होत्या. मधली जरा जाड होती. बाकीचा कडा कोरडा आणि काळा होता. पावसाळ्यात पाणी कुठवर असतं ते दगडावरच्या पांढुरक्या रेषेवरून दिसत होतं.

"बाई, हे जानेवारीचं पानी हाय," घनश्याम म्हणाला. "श्रावणात आली असती तं इथं उभी राहू शकली नसती. आत्ता जवळ जाता येते. पुढच्या गोट्यायवरून गेलं का धारेले हात लागते."

"अरे, आमच्या तलावाचा सांडवा याच्याऊन मोठा हाय. अन् त्याले पाहाले तिकीट नाई लागत."

"सांडवा पंधरा फुटावरून पडत नाई नं, बाई."

"पंधरा फुटावरून पडो का पन्नास, खाली आलं का पानीच."

कृष्णराव मात्र गंभीरपणे पाहत होता. "घनश्याम, हे पानी जाते कुठी?"

"नाल्यानं नदीले."

"म्हंजे कोनाच्याच धानाले नाई?" तो बराच वेळ धारेकडे बघत राहिला. "पाच एकर तरी भिजलं असतं रे, उन्हाळी."

चंद्रकलेला हसू आलं. तिनं पमीकडे पाहिलं, पमीही हसावी म्हणून. पमी शकुंतलाच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"पमे, धारेले हात लावाचा?" चंद्रकला म्हणाली. "चाल, मी नेते तुले."

*

नाला फार मोठा नव्हता. मधे सहासात गोटे होते, एकेका माणसाला पाय ठेवता येईल एवढे, आणि दोन गोट्यांमधे गुडघाभर पाणी. पण गोटे शेवाळलेले होते. कृष्णरावानं म्हातारीच्या काठीनं पहिला गोटा चाचपला आणि ठरवलं की एकमेकांचे हात धरूनच जायचं. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला घनश्याम. दोघं गडी टोकाला असले की मधलं कोणी पडत नाही. धानाच्या चिखलभरल्या बांधीतून बैल काढतानाही असंच करतात.

"पमी माझ्या बाजूनं राहू दे," तो म्हणाला. "मंग शकुंतला, मंग..."

"पमीचा हात मी धरीन," चंद्रकला घनश्यामला म्हणाली. भासऱ्यांशी ती सरळ बोलत नसे.

"ठीक हाय," घनश्याम म्हणाला. "भाऊ, मंग पमी, मंग तू, मंग मी. वयनी माझ्या मागून."

"अन् मधात लेकरू धरून भासऱ्याले शिवनार का ते?" अलीकडच्या काठावर गोवऱ्या रचता रचता चंद्रभागाबाई ओरडली. "लेकराच्या आडून शिवलं तरी शिवनंच ते!"

सगळे थांबले. घनश्यामनं पुन्हा मांडणी केली. भाऊ आणि चंद्रकला यांच्यामधे वहिनीच हवी. चंद्रकलेला पमीचा हात हवा. आणि पमीचा दुसरा हात सोडायला वहिनी तयार नव्हती. मग एकच रांग उरत होती. पुढे भाऊ, मग वहिनी, मग पमी, मग चंद्रकला, शेवटी तो. सगळ्यांनी तोंड धारेकडे करायचं आणि डावीकडे एकेक गोटा सरकायचं. पमीचा डावा हात शकुंतलाच्या हातात आला आणि उजवा चंद्रकलेच्या.

ही रांग कृष्णरावाला पटली नव्हती. पोरीच्या एकाही बाजूला गडी नव्हता, एवढंच त्याच्या मनात आलं. पण दुसरी रांग बसत नव्हती, म्हणून त्यानं पाय उचलला.

तीन गोटे नीट पार पडले. चौथ्यावर धारेचे शिंतोडे येत होते. पमी हसली, मान वर केली, आणि तिचा पाय घसरला. शकुंतला पुढच्या गोट्यावर होती आणि चंद्रकला मागच्या. मागचा गोटा जवळ होता. पमीनं अंग मागे टाकलं, चंद्रकलेकडे, आणि चंद्रकलेनं तिला कमरेशी ओढून घेतलं. तेवढ्यात शकुंतलानं हिसका दिला, जोरात, आपल्याकडे.

पमी किंचाळली.

*

काठावर येईपर्यंत तिचं रडणं थांबलं होतं. ती आता नुसती कण्हत होती. डावा हात तिनं पोटाशी धरला होता, कोपरात जरासा वाकलेला, तळवा आत वळलेला. कुणी त्याच्याकडे बघितलं तरी ती अंग चोरायची.

"बोटं हालव, पमी," घनश्याम म्हणाला. बोटं हलली. "हात वर कर." हात वर झाला नाही. त्यानं कोपराला हात लावताच ती पुन्हा किंचाळली. त्याचा चेहरा उतरला. "हाड गेलं असन. गोंदियाले न्यावं लागते. पन गाडी चारले हाय."

"म्याच वढलं," चंद्रकला म्हणाली. ती वाळक्या पानांतच बसली होती, निऱ्या ओल्या झालेल्या. "म्याच वढलं तिले कमरेपासून. मले लेकरू धरताच येत नाई."

"असं काय बोलते? घसरली ते."

"नाई. मले नाई येत." तिनं शकुंतलाकडे पाहिलं. "जाऊबाई, तुमीच घेऊन जा तिले. करडीलेच राहू द्या. माझ्याजवळ एक दिवस नाई झाला अन् हात मोडला म्या तिचा."

शकुंतला उभी होती. तिनं पमीचा हात पाहिला होता. असा हात तिनं आधी एकदा पाहिला होता, दीड वर्षापूर्वी पोळ्याच्या दिवशी, तिनं पमीला दोन्ही हातांनी धरून गरगर फिरवलं तेव्हा. तेव्हा घरात कोणी नव्हतं. बपेऱ्याचे टिकाराम हाडं बसवत. ते त्या दिवशी गावात कुणाकडे आले होते. त्यांनी एका मिनिटात कोपर बसवून दिलं आणि कसं बसवायचं ते तिला शिकवलं. "हाड मोडत नाई बाई, वाटीतून निसटते. सहा वर्षाची होईस्तोवर असं होऊ शकते. मंग हाड भरते." तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, परक्याच्या लेकराला फेकत होती. आणि कदाचित तेव्हाच नेलं असतं.

म्हणजे तिला माहीत होतं. आणि दसऱ्यापासून जे वाक्य ऐकायची ती वाट पाहत होती, ते चंद्रकला आपल्या तोंडानं म्हणत होती. घेऊन जा. शकुंतला ते ऐकत उभी राहिली. आणखी एकदा म्हणू दे, असं तिला वाटलं. चंद्रकलेनं ते आणखी एकदा म्हटलं.

"माय," पमी म्हणाली, "दुखते."

शकुंतला खाली बसली. पमीला मांडीवर घेतलं, डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अंगठा ठेवला, दुसऱ्या हातानं मनगट धरून तळवा आकाशाकडे फिरवला आणि हात खांद्याकडे दुमडला. अंगठ्याखाली बारीकसं काहीतरी टचकलं. पमी एकदाच ओरडली. मग तिनं नाक पुसलं. डाव्या हातानं.

"अवं!" कृष्णराव म्हणाला. "कवा शिकली तू हे?"

"पाह्यलं होतं एकदा."

चंद्रकला तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आभार होते, आणि आभारांच्या मागे दुसरंही काही होतं. "पाहा," ती नवऱ्याला म्हणाली. "पाह्यलं? तिच्याजवळच पाहिजे ते."

*

पानगे छान झाले. वांग्याची भाजी तिखट झाली. चंद्रकलेनं अर्धा पानगा खाल्ला. परतीच्या वाटेवर चंद्रभागाबाई मुद्दाम मागे राहिली आणि तिनं थोरल्या सुनेलाही मागे ठेवलं.

"म्या काठावरून पाह्यलं," म्हातारी म्हणाली.

शकुंतलानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"पोट्टी चंद्रकलेच्या गोट्यावर चालली होती. तू वढलं."

"पानी होतं मधात, आत्याबाई."

"गुडघाभर. पडली असती तं फराक ओला झाला असता." म्हातारीनं काठी टेकली. "ते आता जन्मभर मनीन का माह्याच हातानं मोडलं. तुले चालते?"

"चालते," शकुंतला म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं, जसं ती सुपातल्या धानाकडे बघत असे. मग चालू लागली. "खोटं तरी नाई बोलत," ती स्वतःशीच म्हणाली.

क्वार्टरमधे आल्यावर चंद्रकलेनं पमीचे कपडे पुन्हा गाठोड्यात बांधले. आखूड फ्रॉकही घडी करून त्यात ठेवला. घनश्याम ड्यूटीवर गेला, कृष्णराव फलाटावर. म्हातारी अंगणात उन्हात बसली. शकुंतला दारात बसून वेणी घालत होती. सगळं तिच्या मनासारखं झालं होतं. करडीला पोचल्यावर शेजारच्या सखाबाईला काय सांगायचं, तेही तिनं ठरवलं होतं. 'नाई राह्यली वो ते. तिले माह्याशिवाय जमतच नाई.'

पमी चंद्रकलेजवळ गेली. "आई, बिस्किट."

यावेळी कुणी शिकवलं नव्हतं. शकुंतलाचा हात वेणीत थांबला.

चंद्रकलेनं पुड्यातून बिस्किट काढलं. पमीनं हात पुढे केला. चंद्रकला त्या हाताकडे बघत राहिली, मग खाली वाकली आणि बिस्किट जमिनीवर ठेवलं. दोन पावलं मागे सरकली.

पमीला काही कळलं नाही. तिनं एकदा बिस्किटाकडे पाहिलं, एकदा चंद्रकलेकडे. मग वाकून ते उचललं आणि फुंकर मारून खाल्लं.

शकुंतलानं वेणी तशीच सोडली. ती उठली, दार लोटलं आणि चंद्रकलेसमोर मांडी घालून बसली. आपला डावा हात तिच्यापुढे केला.

"धर."

"काय?"

"हात धर माहा. अंगठा इथं ठेव, कोपराच्या बाहेरून. इथं बारीक हाड लागते, लागलं?"

"जाऊबाई, मले नाई..."

"लागलं का?"

"हव."

"आता मनगट धर. तळवा वर कर. वढू नको. वढलं मनूनच तं निसटते. फिरव, अन् दुमडून खांद्याले लाव. टच झालं का सोड. आनखी एक वर्ष असं होऊ शकते, मंग हाड भरते. पोळ्यालेबी झालं होतं, माह्याच हातानं. कोनाले सांगतलं नाई म्या."

चंद्रकलेनं तिचा हात दुमडला. पहिल्यांदा भीतभीत, मग पुन्हा, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा तिचे हात थांबले.

"डावा हात," ती सावकाश म्हणाली. "माझ्याकडं उजवा होता."

"हव."

"डावा तुमच्याकडं होता."

"हव. ते तुह्याकडं येत होती. म्या वढलं."

बाहेर कुठेतरी सिग्नल पडल्याचा आवाज आला.

"अन् तुमाले मालूम होतं? मी रडत होती तवा?"

"मालूम होतं."

"जेवन झालं, इतकी वाट चाललो..."

"मालूम होतं मनून सांगतलं नं."

चंद्रकलेनं तिचा हात सोडला नाही. उलट इतका घट्ट धरला, की बांगड्या रुतल्या. "मले तुमचा लय राग येते, जाऊबाई. आजचा नाई. पाच वर्षाचा."

"येऊ दे," शकुंतला म्हणाली. "मलेबी येते तुहा. अंगठा जरा खाली घे, तिचं कोपर लहान हाय."

*

चारची पॅसेंजर वीस मिनिटं उशिरा आली. कपड्यांचं गाठोडं क्वार्टरमधेच राहिलं होतं. कृष्णरावानं दोनदा विचारलं, "काहून? आनलं नाई?" आणि दोन्ही वेळा शकुंतलानं गाडी कुठवर आली ते वाकून पाहिलं. गाडी दोनच मिनिटं थांबायची. घनश्यामनं हिरवी झेंडी बगलेत धरूनच आईच्या पायाला हात लावला.

पमी चंद्रकलेच्या कडेवर होती. शकुंतला खिडकीशी बसली. लेकरू आता रडेल, असं तिनं धरलं होतं. हात पसरेल, माय म्हणेल, सगळा फलाट बघेल. चंद्रकलाही बघेल. तिनं खिडकीच्या गजांतून हात बाहेर ठेवला होता.

पमी इंजिनाकडे बघत होती. वाफेचा ढग फलाटावर आला, तशी ती चंद्रकलेच्या मानेत तोंड घालून खिदळली. गाडी हलली. पमीनं सगळ्याच खिडक्यांना हात केला, ओळखीच्या आणि अनोळखी.

फलाट संपला. शकुंतलानं हात आत घेतला.

"रडली नाई," ती म्हणाली.

चंद्रभागाबाईनं गोवऱ्यांचं रिकामं फडकं झटकून घडी केलं. "रडली असती तं उतरली असती तू."

"हव," शकुंतला म्हणाली. "उतरली असती."